भाजीच्या सायकलीची टायरं

बाबांची सायकल मळ्याच्या पायवाटेवरून भातकुलीच्या सडकेला लागली की तिचा आवाज बदलायचा. पायवाटेच्या काळ्या मातीत ती मुकाट चालायची आणि सडकेचा मुरूम लागला की चाकाखाली बारीक करकर सुरू व्हायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकायची आणि आणखी एक डुलकी काढायची, कारण बाबा सडकेला लागले म्हणजे मायची पहिली हाक यायला अजून अवकाश आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. सायकलीच्या मागे वांग्यांचं पोतं, त्यावर ओल्या फडक्यात बांधलेल्या मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. माझी पुण्याची सून पहिली दोन वर्षं बाजारातून इडलीबरोबरचं सांबार कुठे मिळतं ते शोधत होती.) एवढं ओझं लादलेली सायकल वळणावर झुकवता येत नाही, झुकली की जुड्यांसकट आडवी होते. म्हणून बाबा वळण आलं की खाली उतरायचे, सायकल उभीच्या उभी हातानं फिरवायचे आणि मग पुन्हा टांग मारायचे. अमरावतीच्या बाजारापर्यंत अशी सात वळणं होती. मला त्याचं फार हसू यायचं. सायकल वळवायला खाली उतरणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

आमचं घर म्हणजे मळ्यातच बांधलेल्या दोन खोल्या, वर टिनपत्रे, समोर विहीर आणि मोटेच्या बैलांची धाव. मोट वर येताना जी कुरकुर करायची ती ऐकूनच बैल थकलेत की नाही हे माय घरातून सांगायची. आम्ही जातीचे माळी. हिवाळ्यात शेवंती, बाकी साल भाजी. माय शेवंतीचे गजरे ओवता ओवता चुलीवर भाकरी टाकायची, आणि दोन्ही कामं एकाच वेळी करते म्हणून कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "मंग काय, एक हात पाहुण्याले ठेवू?" ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कच्चा कांदा, आणि वांग्याची भाजी तर इतकी की वांगं हे फळ आहे, फूल आहे की शिक्षा आहे असा प्रश्न मला पडे. आज डॉक्टरांनी तेल बंद केल्यावर त्याच जवसाच्या चटणीसाठी जीव कासावीस होतो, हा त्या वांग्यांचा तळतळाट असावा.

मी शाळेत आणि पुढे कॉलेजात सायकलीनं जायची. सायकल जुनी, पुरुषी, मध्ये दांडा असलेली. बाबांच्या सायकलीची सख्खी बहीण शोभावी अशी. माळ्याची पोर दांड्याच्या सायकलीवर टांग टाकून जाते म्हणून सडकेवरच्या लोकांना बोलायला विषय मिळाला होता. बाबा म्हणायचे, "बोलू दे. त्यायच्या घरी सायकल नाई, तोंड तं हाय." ती सायकल मी फार जोरात चालवायची आणि वळणावर कधीच उतरायची नाही. आमच्या कॉलेजात ड्रिल शिकवणाऱ्या बाईंनी हे एकदा फाटकात उभं राहून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला मैदानावर बोलावलं.

अकोल्याला हिवाळ्यात कॉलेजांचा मेळावा भरे, त्यात मुलींची वळणाची शर्यत असे. ही शर्यत सगळ्यांनी मिळून धावण्याची नव्हती. मैदानावर फक्कीनं नागमोडी वाट आखलेली असायची, वळणावळणाला बांबूची निशाणं रोवलेली. एकेकीनं एकटीनं जायचं, समोर फक्त स्टॉपवॉच. निशाण पाडलं की दोन सेकंद वाढले. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. आणि जी पहिली येईल तिला ड्रिलच्या शिक्षिकांच्या वर्गात वर्षभर जागा फुकट, राहणं-जेवणासकट. बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या कानात मोटेची कुरकुर सुरू झाली. कारण घरचं ठरलेलं होतं: हे साल कॉलेज, मग मळा, आणि शेवंती संपली की पाहुणे बघायला येणार. बाबा शिक्षणाच्या आड येणारे नव्हते, पण शहरात पोरगी ठेवून शिकवण्याची आमची ऐपत नव्हती. फुकट जागा मिळाली तर जाईन, नाही मिळाली तर नाही, इतकं ते सरळ होतं.

बाई म्हणाल्या, "सुमन, तुझे पाय ठीक आहेत. तुझी टायरं बघ."

माझी टायरं खरंच बघवत नव्हती. एकाला आतून जुन्या टायरचा तुकडा घालून बाबांनी ठिगळ लावलं होतं, आणि चाक फिरलं की ते ठिगळ दर फेरीला एक धक्का देई. म्हणून मायनं शेवंतीचे बाजूला ठेवलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मी बाजाराजवळच्या इब्राहीमचाचांच्या सायकल दुकानात गेले. दुकान कसलं, एक टपरी. पण खुंट्यांवर टायरं अशी टांगलेली की सराफाकडे पाटल्या. सगळ्यात वर विलायती, बारीक अंगाची. त्यांच्याकडे मी नुसतं बघून घेतलं. अशी एक जोडी कुमुदकडे होती. कुमुद म्हणजे वकिलांची मुलगी, माझ्याच वर्गातली, लेडीज सायकलवाली, आणि त्या शर्यतीत आमच्या कॉलेजची दुसरी स्पर्धक. त्याखाली नवी देशी टायरं, खोल नक्षीची. आणि सगळ्यात खाली उतरवलेली, वापरलेली.

चाचांनी मला टायर कसं घ्यावं ते शिकवलं. अंगठ्यानं दाबून बघायचं, दुमडून भेगा पडतात का ते बघायचं, हुंगायचंसुद्धा. जुनं होऊन पडून राहिलेलं रबर तिखट वास मारतं. मी लगेच खोल नक्षीच्या जोडीवर बोट ठेवलं.

"बेटी, जमीन कौनसी है?" चाचांनी विचारलं.

"मैदान आहे. अकोल्याचं."

"मैदान तो सब मैदान है. पहले जमीन पूछ, बाद में टायर पूछ." मग त्यांनी खालच्या ढिगातून एक वापरलेलं टायर ओढून काढलं. "ये देख. तेरे बाबा के पास ऐसाच है."

ते टायर मधून पार बोडकं होतं. मला वाटलं चाचा माझ्या पैशांकडे बघून मला जुना माल देताहेत. माळ्याच्या पोरीला वापरलेलंच पुरे, असं त्यांना वाटलं असणार, असं मी मनात म्हटलं आणि नाकाचा शेंडा वर करून नवी जोडी घेऊन निघाले. आज त्या नाकाची मला लाज वाटते. परवा पुण्याहून माझ्या नातवाचा फोन आला. तो सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे शंकू ठेवून त्यातून मोटार पळवतो, हौस म्हणून. आजी, स्वस्तातलं पण पकड घेणारं टायर कुठलं घेऊ, असं गमतीनं विचारत होता. मी म्हटलं, पहले जमीन पूछ. तो म्हणाला, आजी, तू हिंदी कधीपासून बोलायला लागलीस?

नवी जोडी घालून मी अमरावतीच्या मैदानावर महिनाभर सराव केला. तिथली जमीन मुरमाची. खोल नक्षी मुरमात अशी रुतायची की मी जवळजवळ आडवी होऊन वळण घेई. कुमुदपेक्षा माझी वेळ रोज कमी भरायची. मी स्वतःवर भारी खूश होते. बाबांनी एकदा टायरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अकोल्याले भुई कशी हाय?" मी म्हटलं, "बाबा, मैदानाले भुईच असते."

अकोल्याला जायच्या दिवशी माय म्हणाली, पोरगी एकटी जाणार नाही, म्हणून बाबा बरोबर निघाले. मी माझी सायकल घेऊन स्टँडवर आले तर बाबा तिथे उभे. अंगात धुतलेला सदरा, हातात शिदोरीची पिशवी, आणि दोन्ही खांद्यांवरून छातीवर आडवी-उभी घातलेली दोन टायरं. त्यांनी पहाटेच आपल्या सायकलीची टायरं काढून अंगात घातली होती. कुमुद, तिचे वडील, आमच्या बाई, सगळे यष्टीच्या दारात.

"बाबा, हे काय घालून आले?"

"असू दे. लागते."

"लोक हासून राह्यले ना!"

"हासू दे. त्यायले यष्टीत करमणूक होईन."

मी अकोल्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं की माझे कान तापायचे. बाबांनी मूर्तिजापूरला मला भजी आणून दिली, ती मी खाल्ली, पण तरी बोलले नाही.

अकोल्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा तिथे पाण्याची बैलगाडी फिरत होती. कुणी मोठे पाहुणे बक्षिसं द्यायला येणार होते. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून संयोजकांनी सगळ्या मैदानावर पाणी मारायचं ठरवलं होतं. मैदान मात्र अस्सल काळ्या मातीचं. वऱ्हाडात जन्मलेल्या कुणाही माणसाला कळावं की ओल्या काळ्या मातीत चप्पलसुद्धा किलोभर होते. पण पाहुण्यांच्या सरबराईत माणसाला आपल्या पायाखालचं दिसत नाही.

बाबांनी खाली वाकून चिमूटभर माती बोटात चोळली. "पानी कावून मारून राह्यले हे? सुमे, टायर बदलून घे. तुयी नक्षी भरून येईन."

"नाई." समोर कुमुद उभी होती, बाई उभ्या होत्या. भाजीच्या सायकलीची बोडकी टायरं मी सगळ्यांदेखत माझ्या चाकाला लावणार नव्हते.

माझी पहिली फेरी आली. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्यापासून चाक जड झालं. खोल नक्षीत माती बसली, मातीवर माती बसली, आणि मडगार्डखाली तिचा असा लगदा झाला की मागचं चाक फिरेनासंच झालं. पाचव्या वळणावर मी पायडल मारत होते आणि सायकल जागेवर होती. मी एक निशाण पाडलं, मग दुसरं, आणि शेवटी सायकल अक्षरशः ओढत रेघेपलीकडे गेले. वीस-बावीस मुलींत माझी वेळ शेवटून पहिली. लोक हसले. यष्टीतल्यापेक्षा पुष्कळ जास्त लोक होते. मला मळा दिसायला लागला, आणि शेवंतीनंतर येणारे पाहुणे.

मी सायकल घेऊन बाबांकडे गेले आणि नुसती उभी राहिले. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्यांप्रमाणे माझा नंबर जवळजवळ शेवटी होता, तेवढा वेळ हाताशी होता. बाबांनी अंगातली टायरं काढली, पिशवीतून पाना आणि पंप काढला, आणि मायनं शिदोरीबरोबर दिलेल्या दोन चमच्यांच्या दांड्यांनी माझी नवी टायरं उपसून काढली. एक चाक त्यांनी केलं, दुसरं मी. तेव्हा मी ती टायरं पहिल्यांदा नीट पाहिली. मधून गुळगुळीत, पण दोन्ही कडांची नक्षी जशीच्या तशी, दुकानातून आणल्यासारखी कोरी. मी बोट फिरवत राहिले तशी बाबा म्हणाले, "भाजीची सायकल कधी झुकते का? ते सरळच चालते. मंदातलं झिजते, कडेचं तसंच राह्यते. आता पाह्य, सरळ जाशीन तं बोडक्याले माती धरनार नाई. झुकशीन तं कड धरीन." मग त्यांनी दोन्ही मडगार्डं काढून बाजूला ठेवली, चाकांत हवा भरली, अंगठ्यानं दाबून थोडी सोडली, पुन्हा दाबली. सात वळणांवर उतरून सायकल हातानं फिरवणाऱ्या माझ्या बाबांनी त्या कडा एकदाही जमिनीला लागू दिल्या नव्हत्या.

दुसऱ्या फेरीचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवतं ते अंगाला आठवतं. चाक हलकं होतं. सरळ वाटेवर माती उडून मागे जात होती आणि वळणावर मी आडवी झाले की खालून काहीतरी घट्ट धरून ठेवी, पडू देत नव्हतं. एकही निशाण पडलं नाही. रेघ ओलांडली तेव्हा बाई स्टॉपवॉच हातात धरून ओरडत होत्या. सगळ्यांत कमी वेळ. फक्त कुमुदची फेरी राहिली होती.

आणि मी मागे वळून पाहते तर बाबा कुमुदच्या सायकलीजवळ बसून तिचं मडगार्ड काढताहेत! पहिल्या फेरीत तिचीही चाकं अडकली होती. बाबा तिला सांगत होते, "पोरी, हवा कमी कर. अन् सरळ वाटेवर जोरात मार, माती उडून जाईन." मी धावत गेले. माझा आवाज चढला होता.

"बाबा, कोनाच्या बाजूनं हायेत तुमी? ते जागा मायी जाईन ना!"

बाबांनी पाना पुसला. "सुमे, वाटेत कोनाची गाडी गाऱ्यात फसली तं आपून इचारतो का कोनाची हाय म्हून? वैऱ्याची असली तरी खांदा लावतो. भुई फसवते, मानसानं फसवू नाई."

हे खरं होतं. आमच्या सडकेवर ही रीतच होती. पावसाळ्यात फसलेल्या गाडीजवळून खांदा न लावता पुढे गेलेल्या माणसाचं नाव गावात सालभर घेतलं जाई. पण त्या घटकेला मला रीत नको होती, जागा हवी होती. कुमुद गेली, छान गेली, आणि मी नखं खात उभी राहिले. ती पाऊण सेकंदानं मागे राहिली. मला पहिली म्हणून हाक मारली तेव्हा सगळ्यांत आधी कुमुदनं टाळी वाजवली, आणि मग ती बाबांच्या पाया पडली. मी पडले त्याच्यानंतर. हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही, आज लिहून टाकते.

घरी मायनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली. त्या दिवशी मी वांग्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या सकाळी मी बाबांची टायरं त्यांच्या सायकलीला लावायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याच सायकलीवर ठेवली. "हे आता तुयी. मी नवी वापरतो." आणि माझी खोल नक्षीची जोडी त्यांनी आपल्या चाकांना चढवली.

त्या पावसाळ्यात मी ड्रिलच्या वर्गात दाखल झाले. शनिवारी घरी येताना एकदा मळ्याच्या पायवाटेवर बाबा दिसले. भाजीनं लादलेली सायकल एका खांद्यानं तोलून धरलेली आणि हातात तुराटी, तुरीची वाळली काडी. त्या तुराटीनं ते टायरच्या नक्षीतला चिखल कोरून काढत होते. चार पावलं चालायचे, चाक भरायचं, पुन्हा कोरायचे. त्या पायवाटेवर बोडक्या टायरांची सायकल सरळ निघाली असती. मी म्हटलं, "बाबा, तुमची जुनी परत घ्या ना."

"कावून? हे नवी हायेत," ते म्हणाले. "मिरवाले बरं वाटते."

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याचा मेळावा पुन्हा आला, आता मी आमच्या वर्गाकडून उतरणार होते, आणि निघायच्या सकाळी बाबा वसतिगृहाच्या फाटकात हजर झाले, अंगात आडवी-उभी दोन टायरं घालून. ह्या वेळी मला कुणाच्या हसण्याचं काही वाटलं नाही. त्यांनी ती डोक्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. मधून बोटाला नक्षी लागत नव्हती. कडा चाचांनी खुंटीवरून उतरवल्या होत्या तशाच.

"घे," बाबा म्हणाले. "पिकली."

"अन् तुमाले?"

"तवर तुयी जुनी वापरतो. मले दुसरी नवी घेऊन दे, तुयी नोकरी लागली का. पुढच्या सालासाठी पिकवा लागन ना."

पहिल्या पगारात मी त्यांना नवी जोडी घेऊन दिली, आणि मग दर साली देत राहिले; ड्रिलची मास्तरीण म्हणून मी जे काही मिळवलं त्यातला तो पहिला खर्च असे. शर्यती मात्र मी लग्नानंतर लगेच सोडल्या. बाबा गेले त्यानंतर मळ्यातलं घर आवरताना पत्र्याखालच्या माळ्यावरून सुतळीनं बांधलेल्या टायरांच्या सात जोड्या निघाल्या, सगळ्या मधून बोडक्या, कडेनं कोऱ्या. मी शर्यत सोडली हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.